रेती काढावी, पण टाकावी कुठे?

स्वतःच्या दारातली नको असलेली वस्तू उचलून दुसऱ्याच्या दारात नेऊन ठेवणे, या क्रियेला मानवी व्यवहारात ‘सफाई’ असे भारदस्त नाव आहे. ती वस्तू बर्फ असो, रेती असो वा चिखल, या क्रियेचे नियम सर्व हवामानांत सारखेच राहतात. मात्र दारापर्यंतची वाट खड्या चढणीची असेल आणि त्या वाटेच्या मालकाजवळ छोटा ट्रॅक्टर असेल, तर ते नियम विशेष स्वच्छ दिसू लागतात, कारण चढण माणसाची अक्कल जोखते आणि ट्रॅक्टर तेवढ्यातच त्याचा आत्मविश्वास वाढवून ठेवतो. प्रस्तुत लेखात या विषयाचा विचार पालघर तालुक्यातील, बोईसरच्या पश्चिमेला नवापूरच्या शेजारी असलेल्या दांडी या मच्छीमार गावाच्या अनुषंगाने केला आहे. महात्मा गांधींनी ६ एप्रिल १९३० रोजी जेथे मीठ उचलले ती दांडी निराळी. ती याच अरबी समुद्राच्या काठी, उत्तरेला गुजरातेत, नवसारीजवळ आहे. तथापि मीठ या विषयातून सर्वथा वगळता येत नाही, हे पुढे दिसेलच.

विषयाचे मूळ थंड देशांत आहे. तेथे घराच्या फाटकापासून गॅरेजपर्यंत जाणारी जी खाजगी वाट असते तिला ड्राइव्ह-वे म्हणतात, आणि घर टेकाडावर असले की ही वाट उन्हाळ्यात प्रतिष्ठेची व हिवाळ्यात पश्चात्तापाची बाब ठरते. रात्रीतून पडलेला बर्फ सकाळी कामावर जाण्यापूर्वी काढावा लागतो. त्यासाठी फावड्यापासून छोट्या ट्रॅक्टरपर्यंत नाना साधने बाजारात मिळतात, आणि न्यू जर्सीत स्थायिक झालेला मराठी गृहस्थही दोन-तीन हिवाळ्यांत या साधनांविषयी अधिकारवाणीने बोलू लागतो. बर्फ वितळावा म्हणून वाटेवर मीठ पसरतात, कारण मिठामुळे पाण्याचा गोठणबिंदू, म्हणजे पाण्याचा बर्फ होण्याचे तापमान, खाली उतरते; मात्र पारा उणे दहा अंशांच्याही खाली गेला की साध्या मिठाची मात्रा फारशी चालत नाही. एवढे सगळे करून वाट स्वच्छ झाली की नगरपालिकेचा बर्फ ढकलणारा ट्रक मुख्य रस्ता साफ करीत येतो आणि नुकत्याच मोकळ्या केलेल्या वाटेच्या तोंडाशीच बर्फाचा बांध घालून निघून जातो. यात कोणाचाही दुष्ट हेतू नसतो. नगरपालिकेनेही केवळ आपल्या दारातले दुसऱ्याच्या दारात सरकवलेले असते.

या प्रश्नावर यंत्रविद्येने शोधलेले उत्तरही त्याच वळणाचे आहे. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातील आर्थर सिकार यांनी १९२५ मध्ये बर्फ फेकणारे यंत्र तयार केले आणि १९२७ मध्ये त्यातले पहिले यंत्र मॉन्ट्रियललगतच्या ऊत्रमाँ या नगराने विकत घेतले. या यंत्राचा मोठेपणा असा की ते बर्फ नुसता बाजूला न सारता नव्वद फुटांहून अधिक अंतरावर भिरकावून देत असे. म्हणजे पूर्वी जो बर्फ लगतच्या शेजाऱ्याच्या वाट्याला येत होता, तो आता चौथ्या घरापर्यंत पोहोचू लागला. विज्ञानाने प्रश्न सोडवला नाही, पण तो लांबच्या माणसाचा करून टाकला. थंड देशांतील अनेक शहरांनी स्वतःच्या वाटेवरचा बर्फ सार्वजनिक रस्त्यावर वा परक्याच्या हद्दीत ढकलू नये असे नियम केले आहेत, आणि मॉन्ट्रियल शहर तर बर्फ ट्रकांत भरून एका जुन्या दगडखाणीत नेऊन ओतते. ज्या नगराला टाकण्याची जागा आधी सापडली, त्याच नगराची सफाई खऱ्या अर्थाने पार पडली, असा या इतिहासाचा निष्कर्ष निघतो.

दांडीला बर्फ पडत नाही. तेथे बर्फ लाद्यांच्या रूपाने येतो आणि मासळीवर फोडून घातला जातो. पण चढणीवर येऊन बसणारी वस्तू मात्र तेथेही आहे, आणि ती दरवर्षी वेळेवर येते. किनाऱ्याची धूप, म्हणजे लाटांनी काठ कातरून नेणे, रोखण्यासाठी या पट्ट्यातील अनेक गावांसमोर दगडी बंधारे घातलेले आहेत. बंधारा उंच, त्याच्या एका अंगाला वस्ती व दुसऱ्या अंगाला पुळण, म्हणजे रेताड किनारा, अशी रचना असल्याने होड्या, जाळी, डिझेलचे पिंप आणि मासळीच्या टोपल्या ज्या वाटेने ये-जा करतात ती वाट साहजिकच खड्या उताराची होते. पावसाळ्यात समुद्र पुळणीवरची रेती खाली खेचून आत नेतो, आणि त्याच हंगामात उधाणाच्या लाटा रेती, गाळ, ओंडके आणि प्लास्टिक बंधाऱ्याच्या वाटेवर आणून टाकतात. जेथे रेती हवी तेथून ती न्यायची आणि जेथे नको तेथे ती आणून ठेवायची, हे धोरण समुद्राने इतक्या सातत्याने राबवले आहे की एखाद्या शासकीय विभागालाही त्याचा हेवा वाटावा.

या कामाचे वेळापत्रक निसर्ग आणि शासन यांनी मिळून ठरवलेले आहे. माशांच्या प्रजननकाळात १ जून ते ३१ जुलै या अवधीत यांत्रिक नौकांच्या मासेमारीला बंदी असते. त्याआधी नौका किनाऱ्यावर ओढून घेतल्या जातात, वर ताडपत्र्या वा झावळ्या चढतात आणि डागडुजी सुरू होते. बंदी उठते तो दिवस १ ऑगस्ट, आणि योगायोग असा की २०१४ साली पालघर जिल्हाही याच तारखेला ठाणे जिल्ह्यातून वेगळा होऊन अस्तित्वात आला, त्यामुळे जिल्ह्याचा वाढदिवस आणि नौकांची सुटका एकाच दिवशी येतात. पारंपरिक मच्छीमार मात्र समुद्राला नारळ वाहिल्यावाचून हंगाम सुरू झाला असे मनापासून मानत नाही. तात्पर्य, नारळी पौर्णिमेपूर्वी चढण मोकळी हवी, नौका खाली उतरायला हव्यात आणि रेती ‘कुठेतरी’ गेलेली हवी. या तीन गरजांपैकी पहिल्या दोन सर्वांना पाठ असतात.

पूर्वी हे काम घमेली आणि फावडी घेऊन होत असे व त्यात अख्खी आळी गुंतत असे. आता तेथे छोटा ट्रॅक्टर येतो. छोटा किंवा मिनी ट्रॅक्टर म्हणजे साधारणपणे पंचवीस अश्वशक्तीच्या आतला, अरुंद बांध्याचा ट्रॅक्टर; महिंद्राचा युवराज २१५ हा पंधरा अश्वशक्तीचा आणि एकाच सिलिंडरचा ट्रॅक्टर याचे परिचित उदाहरण होय. हे यंत्र मुळात झाडांच्या ओळींतून, फांद्यांखालून वाकून जाण्यासाठी घडवलेले आहे, आणि ज्या डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले त्या चिकूच्या वाड्या येथून दूर नसल्याने या पट्ट्याला ते नवे नाही. राज्याच्या सामाजिक न्याय विभागाची एक योजनाही आहे, जिच्यात अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या स्वयंसहायता बचत गटांना ९ ते १८ अश्वशक्तीचा मिनी ट्रॅक्टर व त्याची उपसाधने साडेतीन लाख रुपयांच्या मर्यादेत ९० टक्के अनुदानावर मिळतात. उपसाधनांत कल्टिव्हेटर किंवा रोटाव्हेटर आणि ट्रेलर येतात. चढणीवरची रेती खरवडणारी फळी त्यांत येत नाही, कारण योजना आखणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर शेत होते आणि शेत बहुधा सपाट होते. ही फळी, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागे आडवे बसवलेले जाड पोलादी पाते, वेल्डिंगवाल्याकडून जुन्या पत्र्याची बनवून घेता येते आणि ती ट्रॅक्टरच्या मागच्या, चालक ज्याला नुसते ‘लिफ्ट’ म्हणतात त्या वरखाली होणाऱ्या जोडणीला अडकवली जाते.

येथे वजनाचा हिशेब मांडणे आवश्यक आहे, कारण बर्फ ढकलणाऱ्या परदेशी ट्रॅक्टरची चित्रे पाहून अनेकांचा गैरसमज होतो. नुकताच पडलेला भुसभुशीत बर्फ घनमीटरला शंभर किलोंच्या आसपास किंवा त्याहूनही कमी भरतो. कोरडी रेती घनमीटरला सुमारे सोळाशे किलो भरते आणि भिजलेली दोन हजारांच्या घरात जाते. म्हणजे ज्या आकाराचा ढीग परदेशातला गृहस्थ कॉफी पिता पिता सारतो, त्याच आकाराचा ढीग दांडीत सारायचा तर वीसपट ओझे हलवावे लागते. शिवाय बर्फाला एक सद्गुण आहे: तो वसंत ऋतूत स्वतःहून निघून जातो. रेती निवृत्त होत नाही. मिठाचेही तसेच, तेथे ते बर्फ वितळवते, येथे ते खाऱ्या वाऱ्यातून येऊन ट्रॅक्टरच वितळवू लागते, आणि गोड्या पाण्याने नियमित न धुतलेल्या यंत्राचे मडगार्ड बघता बघता गंजाने चाळणी होते.

चढणीवर छोटा ट्रॅक्टर चालवण्याविषयी दोन संप्रदाय आढळतात आणि दोघांचेही म्हणणे खरे आहे, हीच अडचण आहे. पहिला संप्रदाय ‘वरून खाली’ असे सांगतो. त्याचा आधार यंत्रशास्त्राचा आहे: ट्रॅक्टरचे बहुतेक वजन मागच्या चाकांवर असते, आणि मागे रेतीने भरलेली फळी ओढत तो सरळ चढू लागला की पुढची चाके हलकी होऊन आधी सुकाणू निकामी होते व मग ट्रॅक्टर बिथरलेल्या घोड्यासारखा मागच्या पायांवर उभा राहतो. म्हणून जड बाजू नेहमी चढाकडे ठेवावी, म्हणजे फळी उचलून उलट्या गिअरमध्ये वर जावे, माथ्यावर फळी टेकवावी आणि पहिल्या गिअरमध्ये रेती खेचत खाली यावे. उतरताना क्लच दाबू नये, न्यूट्रलचा तर विचारही करू नये, आणि उतारावर आडवे वळण घेऊ नये, कारण अरुंद बांध्याचा ट्रॅक्टर कलंडायला फार निमित्त लागत नाही. पुढच्या बंपरवर लोखंडी वजने लावणे आणि मागच्या टायरांत पाणी भरणे हे या संप्रदायाचे नित्यकर्म होय.

दुसरा संप्रदाय ‘खालून वर’ असे सांगतो आणि त्याचा आधार अर्थशास्त्राचा आहे. वरून खाली खेचलेली रेती पायथ्याशी जमा होते. पायथ्याशी समुद्र आहे. समुद्राला दिवसातून दोन भरत्या येतात, आणि उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीत चार मीटरांहूनही अधिक फरक पडतो. तेव्हा दुपारी खाली नेलेली रेती रात्रीच्या भरतीला पुन्हा चढणीवर येते आणि सकाळी येरे माझ्या मागल्या. याउलट रेती वर, वस्तीच्या बाजूला नेली तर ती निदान समुद्राच्या हाती लागत नाही आणि कोणाच्या तरी खड्ड्यात भरावाला उपयोगी पडते. अशा रीतीने जे सुरक्षित आहे ते निष्फळ ठरते आणि जे फलदायी आहे ते ट्रॅक्टर उलटवते. या दोहोंचा समन्वय साधणारा तिसरा संप्रदाय, म्हणजे माथ्यावरच्या रेतीचे दोन वाटे करून अर्धी वर व अर्धी खाली नेणारा, संख्येने सर्वांत मोठा आहे. त्याचे काम कधीच संपत नसल्याने त्याच्याकडे अनुभव विपुल असतो.

प्रत्यक्ष काम जवळून पाहिल्यास एक बारीक गोष्ट नजरेत भरते. फळी रेतीतून ओढली जाते तेव्हा तिच्या पुढ्यात जमलेली रेती दोन्ही टोकांवरून निसटत जाते आणि मागे दोन सरळ वरंबे, म्हणजे मातीच्या लांबट उंच ओळी, राहतात. पुढच्या फेरीला चालक त्यातला एक वरंबा खरवडतो, तेव्हा फळीच्या दुसऱ्या टोकाला नवा वरंबा तयार होतो. टायर त्यावर चढले की फळी तिरकी होते, तिरकी फळी एका बाजूला खोल रुतते, आणि चढणीवर मूळचे जे एक सपाट ओझे होते त्याच्या जागी खड्डे, उंचवटे व टायरांच्या नक्षीचा सुरेख नकाशा उमटतो. चालक या सर्व वेळी मान पूर्ण मागे वळवून, एक हात सुकाणूवर व दुसरा लिफ्टच्या दांड्यावर ठेवून बसलेला असतो. ज्या दिशेला ट्रॅक्टर चालला आहे ती सोडून अन्य सर्व दिशा त्याला दिसत असतात.

ही उणीव सल्लागार भरून काढतात. चढणीवर ट्रॅक्टर चालू झाला की बंधाऱ्यावर माणसे जमणे हा या किनाऱ्याचा नैसर्गिक नियम आहे. सल्लागारांचे तीन वर्ग पडतात. पहिला दिशादर्शक वर्ग: यातील एक जण “डावीकडे घे, डावीकडे!” असे ओरडतो व त्याच क्षणी दुसरा “डावीकडे गटार आहे रे!” अशी माहिती पुरवतो, दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात, कारण एक वर तोंड करून उभा असतो आणि दुसरा खाली. दुसरा वर्ग इतिहासकारांचा. त्यांच्या मते पूर्वी एवढी रेती येतच नव्हती, आली तरी अर्ध्या दिवसात उचलली जात होती, आणि उचलणारी माणसेही आतासारखी नव्हती. तिसरा वर्ग जेसीबीवाद्यांचा. कोणत्याही छोट्या यंत्राकडे पाहून “याला जेसीबीच पाहिजे” असे म्हणणे एवढेच त्यांचे कार्य असून, जेसीबी आल्यावर तो बंधाऱ्याचा दगड हलवील हे सांगण्यासाठीही तेच पुढे असतात. या सर्व विद्वत्सभेचा निकाल अखेरीस टोपली डोक्यावर घेतलेली एखादी मच्छीवाली बाई लावते. “बाजूला घे रे तो डबा, आम्हाला जाऊ दे आधी,” असे म्हणून ती रुतलेल्या फळीला वळसा घालून, सपातांनी रेती तुडवीत, त्याच चढणीवरून वर निघून जाते. आणि वाट बंद होती की नव्हती हा प्रश्नच क्षणभर संशयास्पद ठरतो.

रेती सुटून ट्रॉलीत पडली की विषय यंत्रशास्त्रातून बाहेर पडून कायदेशास्त्रात शिरतो. चढणीवर असते तोवर जी घाण म्हणून ओळखली जाते, तीच रेती ट्रॉलीत चढताच गौण खनिज होते, म्हणजे जिच्यावर शासनाची मालकी आहे आणि जी उचलण्यास परवाना लागतो अशी खनिज संपत्ती होते. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम ४८ अन्वये विनापरवाना उपशाला बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो व वाहनही अडकवून ठेवता येते. त्याखेरीज किनारी नियमन क्षेत्राच्या, म्हणजे भरतीरेषेलगतच्या पट्ट्यात काय करावे व काय करू नये हे ठरवणाऱ्या, १९९१ पासूनच्या अधिसूचना आहेतच. त्यांच्या व्यवस्थेत खाडीत साचलेले रेतीचे बांध पारंपरिक किनारी समाजांना परवानगी घेऊन काढता येतात, पण हाताने; यंत्राने नव्हे. त्यामुळे समुद्राने पाठवलेली रेती स्वीकारताना कोणाची सही लागत नाही, परत करताना मात्र तलाठ्यापासून, ज्यांचे पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी असे झाले आहे, तहसीलदारांपर्यंत सर्वांचे मत विचारात घ्यावे लागते.

हा न्याय केवळ छोट्या ट्रॅक्टरपुरता आहे असे समजू नये. दारातले पलीकडे सरकवण्याचा मोह यंत्राच्या आकाराबरोबर वाढतच जातो. तारापूर औद्योगिक वसाहतीतील सांडपाणी प्रक्रियेनंतर नळावाटे नवापूरच्या समुद्रात सोडण्याची योजना ही याच तत्त्वाची मोठी आवृत्ती होय, आणि त्या पाण्याने खाड्यांची व मासेमारीची हानी झाल्याची तक्रार घेऊन अखिल भारतीय मांगेला समाज परिषद राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढे गेली, तेव्हा जानेवारी २०२२ मध्ये न्यायाधिकरणाने शंभरहून अधिक उद्योगांवर भरपाई आकारणारा निकाल दिला. उत्तरेला डहाणू तालुक्यात वाढवण येथे जे बंदर मंजूर झाले आहे, त्याच्यासाठी समुद्रात १,४४८ हेक्टर भराव घालायचा असून त्याची रेती दमणच्या समुद्रातून आणायची योजना आहे. एकाच किनाऱ्यावर एका गावाला चार ट्रॉल्या रेती टाकायला जागा मिळत नाही आणि एका प्रकल्पाला हवी तेवढी रेती जवळ मिळत नाही. या दोघांची गाठ घालून द्यावी असे कोणालाही सुचत नाही, कारण एकाची रेती घाण आहे व दुसऱ्याची विकास.

उरला प्रश्न वेळेचा. भरती कधी येणार हे काढण्याची किनाऱ्यावरची जुनी रीत अशी आहे की तिथीच्या आकड्याची पाऊणपट करावी, येणारा आकडा म्हणजे भरतीची वेळ. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणून भरती सहाच्या सुमारास. पौर्णिमेला पंधराचे पाऊणपट सव्वाअकरा, म्हणून भरती दुपारच्या आगेमागे. पंचांग आणि कोष्टक न उघडता होणारा हा हिशेब व्यवहारात चांगला चालतो, आणि त्यातूनच चढण साफ करणाऱ्याची खरी शोकांतिका उघड होते. ज्या नारळी पौर्णिमेसाठी ही सगळी धडपड चाललेली असते ती पौर्णिमाच उधाणाची असते, आणि वर्षातल्या मोठ्या भरत्यांपैकी काही तिच्यानंतरच्या एक-दोन दिवसांत येतात. गाव आदल्या दिवशी चढण झाडून ठेवते, सणाच्या दिवशी समुद्राला नारळ अर्पण करते, आणि समुद्र त्या नारळाची पोच म्हणून दुसऱ्या दिवशी ट्रॉलीभर रेती चढणीवर आणून ठेवतो. देवघेवीत त्याने कधी कुचराई केल्याचे ऐकिवात नाही.

एवढ्या विवेचनावरून छोट्या ट्रॅक्टरला नावे ठेवावीत असा अर्थ काढू नये. नौकेला वाट करून देण्यात, ओंडके ओढण्यात आणि वयस्कांच्या कमरा वाचवण्यात त्याचा उपयोग निर्विवाद आहे. परंतु ट्रॅक्टर रेती हलवतो, ती संपवत नाही, आणि ती कुठे हलवायची हे ठरवणारा गिअर कोणत्याही कंपनीने अद्याप बसवलेला नाही. तेव्हा चढणीसाठी ट्रॅक्टर घेऊ पाहणाऱ्या ग्रामस्थांनी आधी ढिगाची जागा ठरवावी, ती ग्रामसभेत मांडून शेजाऱ्यांची व महसूल खात्याची संमती घ्यावी, तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ पाहावी आणि मगच किल्ली फिरवावी. जागा ठरत नसेल तर तूर्त घमेले आणि फावडे बरे. त्यांनीही रेती चुकीच्याच जागी जाते, पण निदान सावकाश जाते आणि डिझेल वाचते.